वाऱ्यावर चालणारा बारा पायांचा संच: चालतो कुठे, अडतो कुठे

घरी जोडायच्या या प्लास्टिकच्या संचाच्या डब्यावर छापलेलं असतं की वाऱ्याची झुळूक आली की हा प्राणी चालू लागतो. प्रत्यक्षात जोडून टेबलावर ठेवल्या ठेवल्या तो बहुधा जागचा हलत नाही. बोटाने हळूच ढकललं तर मात्र पाय ठरलेल्या क्रमाने उचलले जातात, टेकतात, आणि पाठीची रेषा जवळजवळ वरखाली न होता सगळा सांगाडा पुढे सरकतो. हे पाहण्यासाठी संच घ्यायचा असेल तर जरूर घ्या. झुळुकीवर चालवायचा असेल, तर जोडणीपेक्षा जास्त वेळ घासण्यात आणि तपासण्यात जाणार, ही तयारी ठेवून घ्या.

मूळ रचना डच कलावंत थिओ यान्सेन यांची. जन्म १९४८चा, शिक्षण डेल्फ्टमध्ये भौतिकशास्त्राचं, पुढे चित्रकला, आणि १९९० पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे अवाढव्य सांगाडे. ते सांगाडे घरातल्या वायरिंगसाठी वापरतात तसल्या पीव्हीसी नळ्यांचे असतात. त्याच पायाची टेबलावर मावणारी प्लास्टिकची आवृत्ती म्हणजे हे संच. ते अनेक नावांनी विकले जातात आणि साचा थोडाफार इकडेतिकडे असतो. इथे विचार केलाय तो नेहमी दिसणाऱ्या रचनेचा: पुढे सहा, मागे सहा असे पाय, मधून आडवा जाणारा क्रँकशाफ्ट (हँडलसारख्या वळणांचा फिरता दांडा, त्याचं एकेक वळण म्हणजे क्रँक), त्यावर मोठा गिअर आणि वर किंवा बाजूला पंखा. स्क्रू नाहीत, गोंद नाही, सगळे भाग दाबून बसतात.

पायात काय दडलंय

एका पायात दोन ताठ त्रिकोण आणि चार दांड्या असतात. क्रँकच्या टोकाला दोन दांड्या अडकवलेल्या असतात. एक वरच्या त्रिकोणाला ढकलते, दुसरी खाली गुडघ्याच्या सांध्याला. दोन्ही मिळून पावलाला असा मार्ग काढायला लावतात की तळाशी तो जवळजवळ सरळ असतो आणि वर गोलसर. पाऊल जमिनीवर असताना सरळ रेषेत मागे जातं, म्हणून पाठ उसळत नाही. साध्या क्रँकला पाय बांधला असता तर प्राणी पावलागणिक उड्या मारत गेला असता.

यान्सेन यांनी या दांड्यांच्या लांब्या कागदावर सोडवून काढल्या नाहीत. संगणकात वेगवेगळ्या लांब्यांचे पाय तयार करायचे, त्यांतले बरे चालणारे निवडायचे, त्यांची सरमिसळ करून पुन्हा निवडायचे, असं करत ते या आकड्यांपर्यंत आले. आकडे त्यांनी सगळ्यांसाठी खुले केले आहेत. क्रँकच्या केंद्रापासून स्थिर खिळीचं (चौकटीतल्या ज्या पिनेवर पाय टांगलेला असतो तिचं) आडवं अंतर ३८ आणि उभं ७.८ (खीळ खाली), क्रँकची त्रिज्या १५. क्रँकपासून वरच्या त्रिकोणापर्यंतची दांडी ५०, क्रँकपासून गुडघ्यापर्यंतची ६१.९. वरच्या त्रिकोणाच्या बाजू ४१.५, ४०.१ आणि ५५.८. स्थिर खिळीपासून गुडघ्यापर्यंत ३९.३. वरच्या त्रिकोणाच्या बाहेरच्या टोकापासून खालच्या त्रिकोणापर्यंत ३९.४. खालच्या त्रिकोणाच्या बाजू ३६.७, ४९ आणि ६५.७, त्यातली ४९ची बाजू गुडघ्यापासून पावलापर्यंत. एकक कुठलंही घ्या, प्रमाण महत्त्वाचं.

हे आकडे नुसते छापून सोडून दिले जातात, पण संच का अडतो याचं उत्तर त्यांच्यातच आहे. क्रँक स्थिर खिळीच्या दिशेला वळते तेव्हा तिचं टोक आणि खीळ यांच्यातलं अंतर सर्वांत कमी होतं, सुमारे २३.८. त्या क्षणी गुडघा जागेवर राहायचा तर हे अंतर ६१.९ वजा ३९.३, म्हणजे २२.६ पेक्षा जास्त असलंच पाहिजे. फरक उरतो जेमतेम १.२चा. दोन्ही दांड्या तिथे जवळजवळ एकमेकींवर मिटलेल्या असतात आणि त्यांच्यातला कोन ९ अंशांच्या आसपास येतो. इतक्या मिटलेल्या दांड्यांतून जोर पुढे जायला त्रास होतो, आणि त्याच जागी सांध्यातलं घर्षण सर्वांत जास्त जाणवतं. पुढचे पाय तीन टप्प्यांत, मागचेही तीन टप्प्यांत, त्यामुळे क्रँकच्या एका फेरीत ही अवघड जागा सहा वेळा येते. हाताने फिरवताना बोटाला जे हिसके लागतात ते बहुतेक हेच.

आता संच मूळ प्रमाणाच्या निम्म्याने केलेला आहे असं धरा, म्हणजे क्रँक ७.५ मिलिमीटरची. मग वरचा १.२चा फरक होतो ०.६ मिलिमीटर. भोकं सैल असतील, पिना डुगडुगत असतील, तर ही फट सांध्यांच्या ढिलाईतच संपते आणि गुडघा उलट्या बाजूला पलटी खातो. पाय मग वर दुमडलेला राहतो. चाल बिघडली म्हणून लोक गिअर तपासत बसतात आणि कारण असतं एक पलटलेला गुडघा. तो हाताने खाली ओढला की टक् करून जागेवर येतो. पुन्हा पुन्हा पलटत असेल तर त्या पायाची पिन बदला. ती झिजलेली किंवा अर्धवट बसलेली असते.

जोडताना

चित्रांची माहितीपत्रिका पुरेशी वाटते, पण ती क्रम सांगते, कारण सांगत नाही. तिच्या बरोबरीने पुढची पथ्यं पाळली तर निम्मा त्रास वाचतो.

भाग प्लास्टिकच्या जाळीतून सोडवताना पिरगाळून तोडू नका. सपाट तोंडाचा निपर घ्या आणि दोनदा कापा: आधी भागापासून थोडं लांब, मग उरलेला दांडा अगदी कडेला. एकदाच जवळ कापलं तर प्लास्टिक पांढरं पडतं आणि कधी कधी भोकाच्या कडेला चीर जाते. कापलेल्या जागी उरणारा बारीक कंगोरा हा या संचाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू. डोळ्यांना तो दिसत नाही, नखाला लागतो. शेजारच्या दोन दांड्या एकमेकींवर घासतात त्या या कंगोऱ्यामुळेच. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर भाग सपाट धरून दोन-चारदा फिरवला की काम होतं. हवं तर पुढे ८००. भोकाच्या आत मात्र पॉलिश पेपर घालू नका, भोक लंबगोल होतं. पिन आत फिरतच नसेल तर पिनेच्या मापाहून ०.१ मिलिमीटर मोठं ड्रिल बिट बोटांत धरून हळूच फिरवा. मशीनला लावलं तर प्लास्टिक वितळून भोक आणखी बिघडतं.

दुसरी गोष्ट त्रिकोणांची. वरच्या त्रिकोणाच्या दोन बाजू ४१.५ आणि ४०.१, म्हणजे दिसायला सारख्याच. तो उलटा बसवला तरी बसतो, फिरतोही, पण त्या पायाची चाल बाकीच्यांशी जुळत नाही आणि एक पाय कायम लंगडतो. भागावर खूण किंवा आकडा असेल तर तो सगळ्या पायांत एकाच बाजूला येतोय ना, हे बघत जा. खूण नसेल तर बाराही त्रिकोण एकावर एक रचून, तीन भोकं जुळवून, प्रत्येकाच्या त्याच टोकाला मार्करचा ठिपका द्या.

प्रत्येक पाय तयार झाला की मुख्य सांगाड्यात जाण्याआधी एकटा तपासायचा. वरच्या खिळीला धरून लटकवा, पाऊल हाताने उचला आणि सोडा. स्वतःच्या वजनाने ते खाली आलं पाहिजे, कुठेही मध्ये थबकता कामा नये. थबकलं तर एकेक सांधा दोन बोटांत धरून हलवून बघा. सहा जागा आहेत, अडलेली एक सापडायला मिनिटभर लागतो. हीच तपासणी बारा पाय बसवल्यावर करायला गेलात तर जागा होतात बहात्तर, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. संचाबद्दल नाराज होणारे बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

पिना दाबताना त्या पूर्ण बसल्या की आवाज येतो. आवाज आला तरी पिनेच्या डोक्याखाली कागदाच्या जाडीची मोकळीक राहायला हवी. राहत नसेल तर पिन थोडी मागे ओढा. घट्ट बसवलेला सांधा मजबूत दिसतो खरा, पण या यंत्रात तो रोग आहे.

क्रँकशाफ्टवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. सहा क्रँका, तीन दिशा, दोन दिशांमध्ये १२० अंश. तुकडे षटकोनी टोकांनी एकमेकांत बसणारे असतील तर ६० अंशांची चूक सहज होते, आणि ती जोडताना कळतही नाही. तपास सोपा आहे: शाफ्ट टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरून बघा. तीनच दिशा दिसल्या पाहिजेत, मोटारगाड्यांच्या त्या सुप्रसिद्ध तीन काड्यांच्या चिन्हासारख्या. चौथी दिशा दिसली की थांबा आणि खोला. पाय लावून झाल्यावर शाफ्ट खोलायचा म्हणजे अख्खा संच परत पहिल्यापासून.

चौकटीच्या पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत का, तेही सपाट काचेवर ठेवून बघा. एक कोपरा उचललेला दिसला तर शाफ्ट वाकडा बसतो आणि मधल्या पायांवर ताण येतो.

वंगण

घरात जे गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल असतं ते इथे चालत नाही. पेट्रोलियमचे अंश असलेली तेलं एबीएस आणि पॉलिस्टायरिन या प्लास्टिकांना, विशेषतः दाबून बसवलेल्या ताणलेल्या जागी, कालांतराने बारीक तडे पाडतात. पिना तडकतात आणि दोष प्लास्टिकच्या दर्जाला दिला जातो. सिलिकॉन तेलाचा टाचणीच्या टोकावरचा थेंब किंवा कोरडी पीटीएफई (टेफ्लॉन) पावडर वापरा. ग्रॅफाइट चालतं, पण हात, टेबल आणि पांढरे पाय सगळंच काळं होतं. शिवणयंत्राच्या तेलाचा मोह आवरा.

तेल घालण्याआधी संच कोरडाच रुळवा. उचलून धरा म्हणजे पाय अधांतरी राहतील आणि गिअर हाताने दोन्ही दिशांना शंभरेक फेरे फिरवा. साच्याचे बारीक खरखरीत कण यातच झिजून पडतात. ती भुकटी ब्रशने झाडून टाका, मग वंगण. आधी तेल घातलं तर भुकटी त्यात मिसळून घासणीचं काम करते.

वारा

इथे जाहिरात आणि भौतिकशास्त्र यांचं पटत नाही. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंख्याचा व्यास १५ सेंटिमीटर धरला तर सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात त्या वर्तुळातून जाणारी शक्ती साधारण ०.२९ वॅट. त्यातला पाचवा हिस्सा हाती लागला तरी खूप झालं, म्हणजे ०.०६ वॅटच्या आत. वारा निम्मा झाला की हीच रक्कम आठव्या हिश्शावर येते. खिडकीतून येणारी सुखद झुळूक आणि चालण्यासाठी लागणारा वारा यांच्यात एवढी दरी आहे. एक सांधा मोकळा झाल्याचा फायदा म्हणूनच पंखा मोठा केल्याइतका जाणवतो.

पंख्याचं संतुलन बघितल्याशिवाय तो बसवू नका. पंख्याचा दांडा आडवा धरून पंखा मोकळा सोडा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. समोरच्या पात्याच्या पाठीमागे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि पंखा कुठेही थांबायला लागेपर्यंत तो कमीजास्त करा. हलका वारा पंख्याला सुरुवात करून देतो तेव्हा हा असमतोल उचलण्यातच त्याचा जोर संपतो. वाऱ्यावर हलणारी शिल्पं करणारे जॉर्ज रिकी यांच्या स्टीलच्या लांब पात्यांमध्ये प्रतिवजनं असतात ती याच कारणासाठी. पातं तोललेलं असलं की ते हलवायला फारसा वारा लागत नाही.

गिअरच्या दातांमध्ये थोडी ढिलाई हवीच. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांमध्ये घालून फिरवा. पट्टी न फाटता, नुसत्या ठशांसह बाहेर आली तर अंतर योग्य. फाटली तर गिअर जास्त जवळ आहेत, ठसे उमटलेच नाहीत तर जास्त लांब.

काही संचांत गिअर बदलून वेग आणि जोर यांची अदलाबदल करता येते. कमी दातांचा गिअर पंख्याच्या दांड्यावर लावला तर प्राणी हळू पण नेटाने चालतो. सुरुवातीला हाच लावा. वेग देऊन जोर विकत घेण्याचा हा व्यवहार टोकाला नेला तर काय होतं, ते हलणारी शिल्पं करणारे आर्थर गॅन्सन यांच्या काँक्रीटच्या यंत्रात दिसतं. मोटर मिनिटाला सुमारे २०० फेरे फिरते, पुढे वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणाऱ्या) १२ जोड्या, प्रत्येक जोडी वेग पन्नासाव्या हिश्शावर आणणारी. शेवटचं चाक काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्कं गाडलेलं आहे आणि तरीही मोटर खुशाल चालते, कारण त्या चाकाला एक फेरी पुरी करायला २ लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. गणित करून बघा, पन्नासचा बारावा घात भागिले २००, उत्तर मिनिटांत येतं. विनोद म्हणून केलेलं काम आणि गिअरच्या गुणोत्तराचा धडा एकाच वेळी इतका स्वच्छ क्वचित सापडतो.

चाचणीसाठी टेबल फॅन ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवा आणि त्याची मान फिरणं बंद करा. फॅनच्या अगदी मध्यासमोर वारा कमी असतो, पात्यांच्या टोकांसमोर जास्त. त्यामुळे संच मध्यापासून थोडा बाजूला धरलात तर फरक दिसतो. हेअर ड्रायर वापरायचा तर फक्त थंड हवेवर. गरम झोतात पातळ पाती वाकतात आणि मग परत सरळ होत नाहीत.

जमीन

गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, गालिच्यात अडकतात. उपाय म्हणून पावलांना रबर लावायचा सल्ला सगळीकडे दिसतो. तो अर्धाच बरोबर आहे. एका वेळी जमिनीवर टेकलेली सगळी पावलं अगदी एकाच वेगाने मागे जात नाहीत, प्रत्येकाच्या मार्गात किंचित फरक असतो. हा फरक पावलांनी थोडं घसरूनच भागवायचा असतो. पकड फार घट्ट केली तर पावलं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण क्रँकवर येतो. जाड रबरापेक्षा कापडी चिकटपट्टीचा पातळ तुकडा बरा. ड्रॉइंगचा खरखरीत कागद किंवा एमडीएफची पाटी ही सर्वांत चांगली जमीन.

आणि हो, तो वळत नाही. एकच क्रँकशाफ्ट असल्यामुळे शाफ्टला काटकोनात पुढे किंवा मागे, एवढंच. वळवायचा तर डावा आणि उजवा अर्धा वेगवेगळा चालवावा लागेल, आणि हा संच त्यासाठी बनलेला नाही.

यातून पुढे काय सुचतं

हलणारी शिल्पं स्वतः करून बघायची इच्छा असणाऱ्यांसाठी या संचाची खरी किंमत इथे आहे. मात्र संच जसाच्या तसा ठेवून ती मिळत नाही. एक पाय पुठ्ठ्यात मोठा करून बनवा. वरचे सगळे आकडे दुपटीने, मिलिमीटरमध्ये: क्रँक ३०, तिच्या दोन दांड्या १०० आणि १२३.८, खिळीपासून गुडघा ७८.६, खालचा त्रिकोण ७३.४, ९८, १३१.४, आणि बाकीचे तसेच. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, १२ मिलिमीटर रुंद पट्ट्या, जोडायला पितळी स्प्लिट पिन. लांबी म्हणजे भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, पट्टीच्या टोकापासून नाही. हीच चूक सर्रास होते. आधी सुईने मध्य टोचून घ्या, पंचने भोकं पाडा आणि पट्ट्या नंतर कापा. क्रँकवरच्या दोन दांड्या वेगळ्या थरांत येतात, म्हणून मध्ये त्याच पुठ्ठ्याची चकती घाला. पावलाच्या टोकाला भोक पाडून त्यातून पेन्सिल घातली आणि मागे कागद लावला की क्रँकच्या एका फेरीत पावलाचा पूर्ण मार्ग उमटतो.

आता एकेका दांडीची लांबी बदलत जा. क्रँक ३० ऐवजी २६ केली की पाऊल आखूड पडतं. ३३ केली तर यंत्र फेरी पूर्णच करत नाही, कारण मर्यादा ३२.४ च्या आसपास आहे. वर आलेला तो १.२चा फरक इथे बोटांना कळतो. मग बाकीच्या दांड्यांचं भोक दोन-दोन मिलिमीटर सरकवून बघा: कुठल्या बदलाने तळाची सरळ रेषा वाकते, कुठल्याने पाऊल जास्त उंच उचललं जातं. प्रत्येक मार्ग वेगळ्या रंगात त्याच कागदावर काढला तर तो कागद संचापेक्षा जास्त दिवस भिंतीवर राहील. चालणं सोडून द्या, याच पायाला पंख, झाडू किंवा हात हलवणारी बाहुली जोडता येते. मार्गाचा आकार आवडला की तो कशाला द्यायचा हे तुमचं तुम्ही ठरवा.

मर्यादाही सांगायला हव्यात. हा संच फक्त दांड्यांचं यंत्र शिकवतो. ज्यात एखादी छोटी गोष्ट घडते, म्हणजे मासा उडी मारतो, म्हातारा दचकतो, मांजर थांबून मग झडप घालतं, तसले हाताने फिरवायचे लाकडी खेळ कॅमवर चालतात, म्हणजे फिरता फिरता काडीला वरखाली करणाऱ्या चकतीवर. थांबणं आणि अचानक पडणं या दोन गोष्टी दांड्यांना जड जातात, कॅमला सोप्या. तसा संच घ्यायचा असेल तर कॅमवर टेकून वरखाली होणारी काडी ज्या भोकातून जाते त्याची लांबी बघा. ती काडीच्या जाडीच्या निदान दुप्पट तरी हवी. पातळ फळीतलं नुसतं भोक असेल तर काडी तिरकी होऊन अडकणार. गोगलगायीच्या आकाराचा, एकदम खाली पाडणारा कॅम उलटा फिरवला तर काडी त्याच्या पायरीला थडकून अडते किंवा मोडते. चांगल्या संचात उलटं फिरणं रोखणारं खटक्याचं चाक दिलेलं असतं. नसेल तर हँडलवर बाण काढून ठेवा, घरात मुलं असतील तर लगेच.

आणि ज्यांना वारा हाच विषय वाटतो त्यांनी बारा पायांच्या मागे न लागता अलेक्झांडर काल्डर यांच्या टांगत्या शिल्पांकडे वळावं. १९३१ मध्ये कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी त्यांना मोबाइल हे नाव दिलं. तारेच्या कड्यात तार अडकवलेला सांधा जवळजवळ फुकट फिरतो, त्यामुळे ज्या झुळुकीला हा संच दाद देत नाही तीत मोबाइल सावकाश फिरत राहतो. तारेच्या काड्या, पुठ्ठ्याची पानं आणि दोरा एवढंच सामान. फक्त सगळ्यात खालच्या काडीपासून सुरुवात करून वर जायचं. प्रत्येक काडीचा तोल साधला की तिथे वळण द्यायचं आणि मगच ती वरच्या काडीला टांगायची. वरून सुरुवात केली तर खाली लावलेलं प्रत्येक पान वरचे सगळे तोल बिघडवतं.

संचाबद्दल उरलेल्या तक्रारी किरकोळ आहेत. बहुतेक डब्यांत जादा पिना नसतात, आणि हरवतात त्या पिनाच. जोडणी खोलगट ताटात करा. दोन वर्षांच्या ऊन-धुळीनंतर पांढरं प्लास्टिक पिवळट आणि ठिसूळ होतं, म्हणून खिडकीत शोभेला ठेवू नका. साठवताना पायांवर वजन येऊ न देता, चौकटीखाली ठोकळा देऊन ठेवा, नाहीतर पातळ दांड्या हळूहळू वाकतात. लहान मुलांना एकट्याने जोडायला हा देऊ नये. धीर सुटतो, पिना तुटतात, आणि तोंडात घालण्याइतके छोटे भाग भरपूर आहेत. मोठ्या माणसासोबत बसून मात्र एकेक पाय लटकवून तपासायचं काम मुलं मोठ्यांपेक्षा चोख करतात.

निवड करताना शक्य असेल तर एकच गोष्ट बघा: क्रँकशाफ्ट धातूचा आहे की प्लास्टिकचा. प्लास्टिकचा शाफ्ट मधल्या गिअरजवळ पीळ खातो, दोन टोकांचे पाय थोडे मागेपुढे होतात, आणि वर सांगितलेलं सगळं घासणं, तोलणं, रुळवणं करूनही चाल अडखळती राहते. शाफ्ट धातूचा असेल तर बाकी सगळे दोष घरी सुधारण्यासारखे आहेत.